वाकडी भिंत, सरळ दगड

आमच्या स्वयंपाकघरातला एकही कोपरा काटकोनात नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. ओटा बदलायचा होता. मिस्त्रींनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर पेन्सिलीची खूण केली, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. ते ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. आमचं भरलं ५ फूट दीड इंच.

"ताई, भिंत बाहेर पळतीय," ते म्हणाले. म्हणजे २ फूट रुंदीचा ओटा त्या कोपऱ्यात बसवला, तर शेवटाला सव्वा इंचाची पाचर उघडी राहणार.

घर पुण्यात, नारायण पेठेतलं, पानशेतच्या पुरानंतर १९६३ साली उभं राहिलेलं. जाड विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. ओटा काळ्या कडाप्प्याचा, गॅसच्या शेगडीशेजारी आरपार तडकलेला. नव्या फ्लॅटमध्ये ओटा बसवणं हे दोन-तीन दिवसांचं काम. जुन्या घरात मात्र भिंत, फरशी, नळ सगळं आपापल्या मनाने थोडंथोडं सरकलेलं असतं, आणि त्यात आणून ठेवायचा दगड काही वाकत नाही. आम्हाला सोळा दिवस लागले. त्यातले दगड बसवायचे दोन. बाकीचे दिवस कुठे गेले, ते सांगते.

पहिला दिवस नुसता मोजण्यात गेला. मिस्त्रींच्या पिशवीत लेसरचं यंत्र होतं, पण त्यांनी काढला तो लेव्हल पाइप: पारदर्शक लवचीक नळी, पाण्याने भरलेली. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. एक टोक खिडकीशी, दुसरं मोरीशी. दोन्ही टोकांतलं पाणी आपोआप एका पातळीला येतं, तिथे भिंतीवर खुणा करायच्या आणि त्या खुणांमधून रंगाची दोरी ताणून एक रेघ मारायची. त्या रेघेपासून खाली फरशीपर्यंत मोजलं, तर खिडकीपाशी जेवढं भरलं त्यापेक्षा मोरीपाशी दीड इंच जास्त. मी म्हटलं, घर खचलं की काय! मिस्त्री हसले. जुन्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात मोरी असायची आणि सगळी फरशी तिच्याकडे उतरती घालायचे; धुतलेलं पाणी खराट्याने लोटलं की गेलं. तो उतार मुद्दाम दिलेला होता. पण नव्या माणसाने फरशीपासून सगळीकडे साडेबत्तीस इंच मोजून ओटा बसवला असता, तर ओटाही मोरीकडे कलला असता आणि भरलेल्या ताटातली आमटी काठाला लागली असती. म्हणून जुन्या घरात फरशीवरून काहीच मोजायचं नाही. सगळी मापं भिंतीवरच्या त्या एका रेघेवरून. ओट्याखालचे उभे कडाप्पे प्रत्येकी वेगळ्या उंचीचे कापावे लागतात, वरची पातळी मात्र एक.

उंचीचं सांगते. सर्रास ३२ ते ३४ इंच ठेवतात, पण खरं माप स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराचं. सरळ उभं राहून हात कोपरात दुमडायचा आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यायला हवा. कणीक मळायला, पोळी लाटायला तेवढं बरं पडतं. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर ती आणखी चार-पाच इंच खाते, हे बहुतेक जण विसरतात आणि मग कढईत डोकावायला टाचा उंचावतात. मी ५ फूट ५ इंच, आई ४ फूट १०. आई ऐंशीची आहे, पण भाकरी अजून तीच थापते. ओटा तिच्या कोपराचा झाला.

आता दगड. आपण राहतो बेसाल्टवर. पाटा-वरवंटा, जातं, वाड्यांची जोती, सगळं याच काळ्या पाषाणाचं. मग ओट्याला तो का नाही? कारण लाव्हा थिजून झालेला हा दगड थंड होताना उभ्या-आडव्या भेगा घेऊन बसला आहे. त्याचे घडीव चिरे निघतात, पण पापुद्र्यासारखी लांबरुंद लादी सहसा निघत नाही. कडाप्प्याचं उलट. तो आंध्रातल्या कडप्पा भागातला चुनखडक, पाण्याखाली थरावर थर साचून झालेला. छिन्नी लावली की थर सुटतो आणि हवी तशी पातळ लादी मिळते. आपली शहाबादी आणि राजस्थानची कोटा याच जातीतल्या. दगड कापायची मोठी यंत्रं हाताशी नव्हती तेव्हा ओट्याला कडाप्पा आला, तो याच गुणामुळे. त्याचा अवगुणही त्याच्या चुन्यात. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की आम्ल चुन्याला खातं आणि पांढुरका डाग पडतो. आमच्या जुन्या ओट्यावर आईच्या लिंबाच्या लोणच्यांचा सगळा इतिहास होता. दर दिवाळीला खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की तो महिनाभर झाकला जायचा.

ग्रॅनाइट जमिनीखाली खोल, सावकाश थंड झालेल्या रसाचा. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. कठीणपणाच्या मोह्झच्या मोजपट्टीवर तो ६ ते ७, चुनखडक ३ च्या आसपास आणि घरातली सुरी या दोघांच्या मध्ये. म्हणून सुरीने कडाप्प्यावर चरा उठतो आणि ग्रॅनाइटवर सुरीचीच धार जाते. गंमत अशी, की बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो मिळतो तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतोच. कर्नाटक, तेलंगण, आंध्रातून येणारे हे काळे दगड गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' येतो आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चीमकुर्तीहून, तोही गॅब्रोच. ओट्याला त्याने काही बिघडत नाही. उलट त्यात पाणी आणि तेल शिरायला जागा कमी, त्यामुळे हळदीचे डाग त्यावर राहत नाहीत. फिकट रंगाचे ग्रॅनाइट सुंदर दिसतात, पण त्यांतले बरेच पाणी पितात. ते घेतले तर वर्षाआड तरी सीलर लावायची तयारी हवी. पांढऱ्या संगमरवराबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांच्या घरी रोज वरणावर लिंबू पिळलं जातं, त्यांनी तो देवघराला वापरावा.

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या दुकानांत लाद्या उभ्या रांगेत लावलेल्या असतात आणि सगळ्या सारख्याच चकाकतात. मी पर्समध्ये चार वस्तू नेल्या होत्या: एक रुपयाचं नाणं, लिंबू, कापूस आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन. नाण्याने लादीवर जागोजागी ठोकायचं. धड दगड खणखणीत वाजतो, आत चीर असेल तिथे बद्द. ॲसिटोनचा बोळा कोपऱ्यात घासायचा. कापूस काळा झाला तर करड्या दगडाला रंग चोपडून काळा केलेला आहे, दोन वर्षांत ओट्याच्या मधोमध तो फिका पडेल. लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसायचा आणि तिरप्या उजेडात पाहायचं. चकाकी गेली असेल तर त्यात चुना आहे, नाव काहीही असो. मग लादीची मागची बाजू. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर ती का, हे विचारावं. कधी ती नुसती वाहतुकीपुरती असते, तर कधी मोडलेल्याला बांधलेली पट्टी असते. शेवटी जाडी, चारही कडांना. मला २० मिलिमीटर म्हणून दाखवलेली एक लादी एका टोकाला १६ भरली. अशी लादी जोडाशी आली की एक बाजू उंच, एक खाली, आणि त्या पायरीत आयुष्यभर पीठ अडकतं. दुकानदार आधी माझ्याकडे कौतुकाने पाहत होता, लिंबू काढल्यावर त्याने चहा मागवला.

जुना ओटा फोडायच्या दिवशी आमचं थोडं चुकलं. मिस्त्री दुसऱ्या कामावर होते आणि त्यांच्या माणसाने घण-छिन्नीने सुरुवात केली. ओट्याचा कडाप्पा भिंतीत इंच-दीड इंच आत खोचलेला असतो. तो हिसडून काढताना भिंतीतली अर्धी वीट सोबत आली आणि पलीकडच्या खोलीतल्या भिंतीवर, बाबांच्या फोटोखाली, गिलाव्याचा पोपडा सुटला. विटांमधला चुना साठ वर्षांनी भुसभुशीत झालेला होता, हादरा त्याला सोसत नाही. दुपारी मिस्त्री आले, चार शब्द ऐकवले आणि उरलेलं काम ग्राइंडरने केलं. आधी कडाप्पा भिंतीलगत कापून मोकळा करायचा, मग आत राहिलेली पट्टी हळूहळू सोडवायची. निघालेल्या विटेच्या जागी पाणी मारून, विटेचे तुकडे आणि माल भरून दोन दिवस तसंच ठेवलं. ओल्या भरावावर दगड टेकवला की तो बसतो, पण भराव आकसला की दगडाखाली पोकळी राहते. राडारोडा पोत्यांत भरून खाली नेला, तेवीस पोती.

भिंत उघडी आहे तोवरच नळ बदलायचे. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. आमचा जस्ताच्या मुलाम्याचा जुना लोखंडी पाइप कापला तेव्हा आतलं अर्ध्या इंचाचं भोक गंजाने पेन्सिलीएवढं उरलं होतं. नवे प्लास्टिकचे पाइप घातले, टोकं बंद करून हातपंपाने दाब दिला आणि रात्रभर काटा पाहिला. सकाळी काटा जागेवर, मग गिलावा. ओटा बसल्यावर गळती निघाली तर दगड फोडण्याखेरीज इलाज नसतो. विजेच्या पॉइंटांचंही तेच, मिक्सर कुठे राहणार हे त्याच दिवशी ठरवून टाकावं. पाइपचा गॅस असेल तर त्या नळीला आपल्या मिस्त्रीने हात लावायचा नाही, गॅस कंपनीचा माणूस बोलवायचा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. २० मिलिमीटर ग्रॅनाइटचा एक चौरस फूट साधारण ५ किलो, काळा असेल तर साडेपाचकडे झुकणारा. आमचा ओटा ९ फूट बाय २, म्हणजे वरचा दगडच ९०-१०० किलो. खालचे कडाप्पे, माल, फळ्या, डबे धरून तीन-साडेतीनशे किलोंवर जातो. स्लॅबच्या घराला हे भिंतीलगत पेलतं. लाकडी तुळयांवरच्या वाड्यात मात्र वरच्या मजल्यावर दगडाचा ओटा घालण्याआधी तुळई कुठून कुठे जाते ते पाहावंच लागतं. भार अनेक तुळयांवर वाटला जायला हवा, एकीच्याच डोक्यावर नको. टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे ती कुजली असतील, तर आधी ते काम. या बाबतीत मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नये, इंजिनिअर बोलवावा.

उभे कडाप्पे अडीच-अडीच फुटांवर आले, खाली मालात रोवलेले, मागे खाचेत अडकवलेले. त्यावर आडवा कडाप्पा आणि त्यावर ग्रॅनाइट. दगड दाबाला कितीही सोसतो, वाकायला लागला की मोडतो. म्हणून त्याला खालून सलग आधार हवा. खलबत्त्यात कुटायचं ते उभ्या कडाप्प्याच्या डोक्यावर, दोन आधारांच्या मधल्या जागेत नाही. आमचा जुना ओटा नेमका तिथेच तडकला होता. वर्षानुवर्षं दाण्याचं कूट, आणि बाजूलाच शेगडीची आच.

आता ती सव्वा इंचाची पाचर. मागच्या लांब भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली, तर मधोमध भिंत तीन सूत फुगलेली. (आठ सुतांचा एक इंच, हे माप शाळेत कुणी शिकवत नाही, पण गवंड्याच्या तोंडी तेच.) मिस्त्रींनी जाड पुठ्ठ्याचे मोठे तुकडे चिकटवून ओट्याएवढा साचा केला. तो समोरच्या कडेने सरळ धरला, भिंतीला जमेल तेवढा भिडवला. मग दोन इंचांचा लाकडी ठोकळा घेतला, त्याला पेन्सिल टेकवली आणि ठोकळा भिंतीला घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. भिंत जिथे फुगली तिथे पेन्सिलही बाहेर आली, जिथे पळाली तिथे आत गेली. पुठ्ठ्यावर भिंतीची सहीच उमटली. त्या रेघेवर पुठ्ठा कापला, पुन्हा लावून पाहिला, दोन ठिकाणी कात्री चालवली. हा साचा दगडावर ठेवून दगड कापायचा. अगदी सूतसूत जुळवायचा हट्ट धरायचा नाही. ओट्यावरून भिंतीवर टाइल चढते, ती टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून अर्धा इंच झाकतात. समोरची कड मात्र नाकासमोर सरळ हवी. माणूस आयुष्यभर तीच बघतो. सगळा वाकडेपणा मागे ढकलायचा आणि टाइलखाली पुरायचा.

९ फुटांचा अखंड दगड हवा, असा माझा हट्ट होता. मिस्त्रींनी मला जिन्यात नेलं. आमचा जिना अडीच फुटी आणि मध्ये काटकोनात वळणारा. लादी नेहमी उभी, कडेवर धरून नेतात. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मधून मोडते. उभी लादी त्या वळणावर फिरणं शक्य नव्हतं. खिडकीतून दोराने चढवायचा विचार झाला, पण खाली वर्दळीचा रस्ता. मग जोड आला. जोड कुठे द्यायचा याचे नियम ठरलेले आहेत. सिंकच्या भोकात नाही, शेगडीखाली नाही, आणि बरोबर एका उभ्या कडाप्प्याच्या डोक्यावर. दोन्ही तुकडे एकाच लादीतले, त्याच दिशेने ठेवलेले. फटीत काळा रंग मिसळलेलं आराल्डाइट भरून वर पॉलिश मारलं. आई चष्म्याशिवाय तो जोड दाखवू शकत नाही. मी बोटाने शोधते.

सिंकचं भोक कापताना मी तिथेच उभी होते. अंगणात, दगडावर सतत पाण्याची धार सोडून. कोरडं कापलं तर जी धूळ उडते तिच्यातला सिलिका फुप्फुसात कायमचा बसतो आणि सिलिकोसिस होतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ बराच असतो. कृत्रिम 'क्वार्ट्झ' ओट्यांत तर नव्वद टक्क्यांपर्यंतही असतो आणि म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसल्या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे कारागीर नाकाला रुमाल बांधतो. रुमालाने काही अडत नाही, मास्क मी आणून दिले आणि ते लावल्याशिवाय काम सुरू होऊ दिलं नाही. भोकाच्या चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल छिद्रं पाडली आणि मग छिद्रापासून छिद्रापर्यंत पातं चालवलं. पात्याने कोपऱ्यात फुली पडली की तिथून चीर धावते. गोलाईत ताण वाटला जातो. सिंकच्या पुढे उरते ती तीन-साडेतीन इंचांची पट्टी हा अख्ख्या ओट्याचा सगळ्यात नाजूक भाग. दगड वर नेताना तिच्यावर लाकडाची फळी क्लॅम्पने आवळून नेला. समोरच्या कडेच्या खालच्या अंगाला, अर्धा इंच आत, लांबीभर एक बारीक खाच मारली. ओट्यावरून ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत कपाटात जातं, ते त्या खाचेशी अडून खाली ठिबकतं. पैसे लागत नाहीत, फक्त सांगावं लागतं.

बसवणं तासाभरात उरकलं. आडवा कडाप्पा भिजवला, वर मालाचा थर, त्यावर सिमेंटचं पातळ कालवण, आणि चौघांनी दगड टेकवला. रबरी हातोडीने ठोकत, लेव्हल पाहत, सिंककडे अगदी नावाला उतार दिला. लगेच कुणी वाकून भार देऊ नये म्हणून आईच्या नेहमीच्या जागेवर मिस्त्रींनी रिकामा हंडा ठेवला. दुसऱ्या दिवशी माझं नाणं पुन्हा बाहेर आलं. डाव्या टोकाला, वीतभर जागेत, बद्द. मिस्त्रींनी स्वतः ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "बरं झालं टाइल लागायच्या आत बघितलं." भिंतीकडची फट अजून उघडी होती. तिच्यातून सिमेंटची पातळ राबडी ओतत, तारेने ढकलत, वरून थोपटत ती पोकळी भरली. टाइल लागली असती तर ते भोक कायमचं बंद झालं असतं. आणखी चार दिवस कुणी त्या टोकाला हात लावला नाही. मग टाइल, आणि ओटा जिथे टाइलला भेटतो तिथे सिमेंट नाही, सिलिकॉन. जुनी भिंत ऋतूप्रमाणे जरा हलते, सिमेंटची रेघ तिथे तडकतेच.

ओट्याखाली सिलिंडर राहणार असेल तर कपाटाच्या दाराला तळाशी भोकं हवीत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, त्याला वाट वरच्या बाजूला द्यावी लागते. आमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून भोकं वर आणि खाली.

शेवटच्या संध्याकाळी आईने ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, मग सावकाश सिंककडे निघालं. तिने ते पार जाईपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जुना कडाप्पा कुठे टाकलात?" त्याचा तडा नसलेला चार फुटी तुकडा आता गच्चीवर दोन विटांच्या थरांवर आहे. त्यावर ती पापड वाळत घालते.